रुमालाला बांधलेल्या किल्ल्या

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दुसरी फेरी संपवून मी कडेच्या झाडाखाली उभा होतो. रुमालाच्या टोकाला घराच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला होता आणि तो लंबकासारखा झुलवत होतो. रोजच्या ओळखीचे एक काका थांबले. दोन झोके बघितले आणि म्हणाले, "नजर काढताय का कोणाची?"

"नाही, गोल्फ शिकतोय."

काकांनी मैदानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि चालायला लागले.

त्यांचं काही चुकलं नाही. नाशिककरांना सांगायला नको, पण गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ सोडून सगळं चालतं. चालणं, पळणं, प्राणायाम, क्रिकेट. रणजीचे सामनेसुद्धा झालेत. साहेबाच्या काळात इथे गोल्फ खेळायचे, एवढंच त्या नावाचं कारण. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली इथल्याच विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे कान्हेरे. त्यांच्या मैदानाला साहेबाच्या खेळाच्या नावाने हाक मारणं बरं नाही, हे मला कळतं. रिक्षात बसल्यावर जिभेला कळत नाही.

तर हे गोल्फचं खूळ माझ्या डोक्यात भाच्याने घातलं. तो पुण्यात आयटीत आहे. कंपनीतल्या कोणीतरी नादाला लावलं आणि वर्षभरात पोरगं पार वाहून गेलं. मला निवृत्तीनंतर वेळ आहे आणि वाचायची खोड आहे, हे ओळखून त्याने आधी जुनी पुस्तकं वाचायला दिली, मग व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आणि शेवटी एकदा पुण्याला गेलो असताना सिम्युलेटरवर नेलं. बंद खोली, समोर पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान. आपण चेंडू मारायचा, तो चार हातांवरच्या पडद्यावर धप्पकन आदळतो आणि चित्रातला चेंडू पुढे उडत जातो. माझा उजवीकडच्या झाडीत गेला. दुसराही. तिसऱ्यालाही तीच झाडी आवडली.

शिकवणारा मुलगा पंचविशीतला, हातात टॅब. "सर, पाथ पाच अंश बाहेरून आत येतोय आणि फेस दोन अंश उघडा आहे." मी मान डोलावली. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे न कळलेल्या आकड्यांवर मान डोलावणं मला जमतं. पुन्हा मारला. "आता पाथ सहा." पुन्हा मारला. त्याने आणखी दोन-तीन आकडे सांगितले. शेवटी बिचाऱ्याने टॅब खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, हातात पाण्याने भरलेली बादली आहे असं समजा. ती समोर, जरा उजवीकडे अंगणात फेकायची आहे."

फेकली. चेंडू सरळ गेला.

मशीन थापा मारत नव्हतं. माझ्या अंगात काय बिघडलंय ते त्याने अर्ध्या सेकंदात अचूक सांगितलं होतं. पण अंगाला अंश कळत नाहीत, बादली कळते. आकड्याची बादली केल्याशिवाय तो मानेच्या खाली उतरतच नाही. आणि बादल्या करण्यात ती जुनी माणसं वस्ताद होती.

किती जुनी? एडिंबरोच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८७ च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत गोल्फ कसं मारावं ते लिहून ठेवलंय. टॉमस किनकेड त्याचं नाव. उभं कसं राहायचं? तर तलवारीचे हात करताना राहतो तसं. म्हणजे इकडे महाराजांना जाऊन सात वर्षं झाली होती आणि तिकडे एक पोरगा पट्ट्याच्या पवित्र्यावरून गोल्फ समजून घेत होता.

माझ्या किल्ल्या मात्र अर्नेस्ट जोन्सच्या. हा इंग्रज शिक्षक. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बरा झाल्यावर एका पायावर तोल सावरत त्याने अठरा भोकांचा डाव ८३ फटक्यांत पूर्ण केला. दोन्ही पाय शाबूत असलेल्या हौशी खेळाडूंना शंभराच्या आत येताना घाम फुटतो. तेव्हा त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की खांदा, कंबर, गुडघा यांचा हिशोब सोडा; काठीचं टोक झुलतंय का तेवढं बघा. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने हजारो लोकांना शिकवलं. खिशातला चाकू रुमालाला बांधायचा आणि शिष्याला म्हणायचा, हा झुलव. झुलवला तर रुमाल ताठ राहतो. मनगटाने ढकलायला गेलात की रुमाल लोंबतो आणि चाकू भलतीकडे जातो. काठी ताठ असते, म्हणून ती तुमची लबाडी लपवते. रुमाल लपवत नाही.

हे वाचलं आणि मी एकदम निफाडला जाऊन पोचलो.

आमच्या मळ्यात द्राक्षं यायच्या आधीची गोष्ट. बाजरी निसवली की पाखरं राखायला आम्हा पोरांना मचाणावर बसवायचे. हातात गोफण. सुताच्या दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवायला विणलेली जागा. एका दोरीचा फास बोटात, दुसरी चिमटीत. डोक्याभोवती फिरवायची आणि नेमकी चिमूट सोडायची; सुटलेलं टोक चाबकासारखं वाजायचं. माझा दगड कुठेही जायचा. एकदा मागे बांधलेल्या म्हशीला लागला. आबा खालून ओरडले, "अरे, फेकू नको त्याला! फिरू दे. कंबर आधी जाऊ दे, दगड येतोय मागनं त्याच्या पायानं."

आबांना गोल्फ हा शब्द कधी ऐकूही आला नसेल. पण आज अंगाला सेन्सर लावून खेळाडूंची जी मोजमापं करतात, त्यातून निघालेलं हेच आहे. चेंडूकडे येताना आधी कंबर वेग घेते, मग छाती, मग हात, सगळ्यात शेवटी काठी. प्रत्येकाने वेग घ्यायचा, आपण मंदावायचं आणि तो पुढच्याच्या हवाली करायचा. भाच्याने पाठवलेल्या आलेखात चार रंगांच्या चार टेकड्या एकीमागे एक उभ्या आहेत. मी त्याला लिहिलं, "शेवटची टेकडी म्हणजे म्हशीला लागलेला दगड." त्याने नुसता अंगठा पाठवला.

जुन्यांत सगळ्यात मोठी गादी अमेरिकन खेळाडू बेन होगनची. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला समोरून बस धडकली, पुन्हा चालेल की नाही असं झालं, आणि पुढच्याच वर्षी त्याने यूएस ओपन जिंकली. १९५७ साली त्याचे धडे पुस्तकरूपात आले. त्यातलं एक चित्र अजरामर झालं: चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरपी टेकवलेली एक भलीमोठी काच, तिला भोक, भोकातून वर आलेलं होगनचं डोकं. काठी मागे नेताना हात त्या काचेच्या खालून जायला हवेत; वर गेले तर काच फुटली. आज कुठल्याही शिक्षकाचा मोबाईल बघा. व्हिडिओ थांबवून तो शिष्याच्या अंगावर तिरपी लाल रेघ मारतो. तीच काच आहे ती, फक्त फुटल्याचा आवाज येत नाही.

पण होगनच्या बाबतीत एक गंमत आहे, आणि इथे मला जुन्यांची आरती थांबवावी लागते. होगनला आयुष्यभर धास्ती होती चेंडू डावीकडे वळण्याची. म्हणून त्याने डाव्या हाताची पकड अशी बसवली की चेंडू तिकडे जाऊच नये. आपल्यासारख्यांचं दुखणं बरोबर उलटं, चेंडू उजवीकडच्या झाडीत. वैद्याने स्वतःच्या पोटावरचा काढा लिहून ठेवला आणि सर्दीवाल्या गावाने तो पिढ्यान्‌पिढ्या घेतला. ती पकड मी दोन महिने इमानदारीने केली. झाडी दाट होत गेली.

तसंच काठीचं. अमेरिकेच्या बॉबी जोन्सने (हा जोन्स वेगळा, किल्ल्यांवाला नव्हे) १९३० मध्ये एका वर्षात चार मोठ्या स्पर्धा मारल्या, त्या हिकरीच्या लाकडी दांड्यांनी. लाकूड मारताना पिळवटतं, म्हणून हात सैल, मनगटं खेळती आणि लय संथ ठेवावी लागे. पोलादी दांडीला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये परवानगी मिळाली. पोलाद पिळवटत नाही; अंगाचा जोर लावला तरी सोसतं. मनगटांविषयीचे कितीतरी उपदेश मुळात त्या लाकडासाठी होते. लाकूड गेलं, उपदेश राहिले. आमच्याकडे गॅस आल्यावरही आई भांड्यांच्या बुडाला राख लावायची, तसं.

चेंडूच्या उडण्याचा सिद्धांतही असाच. वर्षानुवर्षं शिकवत आले की काठी ज्या वाटेने येते त्या दिशेला चेंडू निघतो, आणि काठीचा चेहरा, म्हणजे चेंडूवर बसणारी सपाट बाजू, जिकडे बघतो तिकडे नंतर वळतो. डेन्मार्कमध्ये २००३ साली ट्रॅकमन कंपनी निघाली, चेंडूचं उडणं मोजणारी रडारं मैदानावर आली आणि चित्र जवळजवळ उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यतः चेहऱ्याच्या दिशेला. वळतो तो वाट आणि चेहरा यांच्यातल्या फरकामुळे. मग चुकीचं शिकलेली ती माणसं एवढं अचूक कशी मारायची? त्यांच्या हाताला बरोबर माहीत होतं. फक्त तोंडाला विचारलं की ते भलतंच सांगायचं. आईला पुरणपोळीचं प्रमाण विचारा. ती सांगेल त्या मापाने केलेली पोळी तिच्यासारखी होत नाही, आणि ती खोटंही बोलत नसते.

"डोकं हलवू नकोस" हे मात्र सगळ्यांचं ठरलेलं. जॅक निकलस लहान असताना त्याचे गुरू जॅक ग्राउट आपल्या मदतनिसाला त्याचे केस मुठीत धरायला लावायचे. डोकं हललं की केस ओढले जाणार. पोरगं रडकुंडीला यायचं म्हणे. पुढे त्याने १८ मेजर स्पर्धा जिंकल्या, त्यामुळे गुरूला नावं ठेवायची सोय राहिली नाही. आता कॅमेऱ्यात दिसतं की चांगल्या खेळाडूंचं डोकंही थोडं सरकतं, आणि डोकं फार दाबून धरलं तर अंग वळायचंच थांबतं. गोल्फ क्लबवर रोज सकाळी एक सर पोरांना फलंदाजी शिकवतात. "डोकं! डोकं स्थिर! कोपर वर!" ही आरोळी ट्रॅकच्या अर्ध्या फेरीपर्यंत ऐकू येते. माझ्या शाळेतले सर हेच ओरडायचे. परवा या क्लबवरच्या सरांच्या हाताखालच्या एका पोराने कोपर-बिपर सोडून असा काही पुल मारला की चेंडू ट्रॅकवर आला. सर दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "डोकं बघा त्याचं, कसं स्थिर होतं!" मी बघत होतो. नव्हतं.

टाचेची गोष्ट मला सगळ्यात जवळची, कारण तिचा माझ्या कमरेशी संबंध आहे. बॉबी जोन्स आणि निकलस दोघेही काठी मागे नेताना डावी टाच खुशाल उचलायचे. मग वारं फिरलं. टाच जमिनीला चिकटवा, कंबर रोखा, फक्त खांदे वळवा, म्हणजे अंग रबरासारखं ताणून ताकद मिळेल. विशीतल्या पोरांना मिळते. माझ्या वयाच्या माणसाला फिजिओथेरपिस्टचा नंबर मिळतो. आता बरेच शिक्षक, निदान वय झालेल्यांना तरी, टाच उचला म्हणतात. वर याला नवीन संशोधनाचा आधार आहे असंही सांगतात. असू दे. मी उचलतो.

दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा एक लांबट पार्सल त्याच्या आधी येऊन पडलं होतं. ऑनलाइन मागवलेलं सरावाचं साधन. त्याच्या सरांनी सांगितलं होतं. उघडलं तर आत मुठीला बांधलेली जाड दोरी, दुसऱ्या टोकाला वजनाचा गोळा. किंमत विचारली आणि विचारायला नको होती असं वाटलं. सोबतच्या कागदावर काठी ढकलू नये, झुलू द्यावी, वगैरे लिहिलेलं. अर्नेस्ट जोन्सचं नाव कुठेच नाही.

ताई फराळाचं ताट घेऊन गच्चीवर आली. "हे काय आणलंस?"

"मम्मी, स्विंग ट्रेनर."

ताईने ताट कठड्यावर ठेवलं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मचाणावर ती असली की बाजरीकडे पाखरू फिरकत नसे. तिने दोरी हातात घेतली, वजन जोखलं, भाच्याला "सर तिकडे" म्हणाली आणि दोन्ही हातांनी एक झोका मागे नेला. डावी टाच आपोआप उचलली गेली. कंबर वळली, मग खांदे, आणि दोरी ताठ होऊन सूंऽऽ करत तिच्या डाव्या खांद्यावर जाऊन विसावली. आकाशकंदील हलला.

भाच्याने मोबाईल काढलाच होता. "मम्मी, परत! एकदाच!" तिने परत केलं. पोरगं खाली बसून तो व्हिडिओ पुढे-मागे करायला लागलं, बोटाने तिरपी लाल रेघ मारली, मला जवळ बोलावलं. दोरी रेघेवरून तसूभर हलत नव्हती.

"मामा, हे बघ. हे बघ ना!"

"कशाचा व्हिडिओ काढलास?" ताई चकली मोडता मोडता म्हणाली. "गाउनवर आहे मी. डिलीट कर तो आधी."