तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टाने पोलिसांचे हात बांधलेत का?

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राउंडला फिरायला जातो तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात, त्यांना कळलंय की मी हवालदार म्हणून रिटायर झालोय, मग रनिंग संपलं की येऊन बसतात आणि दर आठ दिवसांनी कुणीतरी हेच विचारतं, "काका, एवढे सगळे कोर्टाचे निर्णय आले, पोलिसांचे हात बांधल्यासारखंच झालं ना?" तिथे उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं उत्तर नाही असं आहे. आणि हे मी तीसेक वर्षं लेखणी घासून सांगतोय, कारण माझं निम्मं आयुष्य रायटर, म्हणजे ठाण्यातली लिखापढी करणारा, म्हणून गेलं.

सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू केसमधला निकाल १९९६ चा. अटक कशी करायची याच्या ११ सूचना, अटकेचा मेमो करा, त्यावर नातेवाईकाची किंवा तिथल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्या, आरोपीने मागितलं तर अंगावरच्या जखमा लिहा, दर ४८ तासांनी मेडिकल करा. आमच्या ठाण्यात त्याचा बोर्ड भिंतीला होता आणि खरं सांगतो, बरीच वर्षं तो फक्त भिंतीलाच होता. मग एकदा मोटरसायकल चोरीत एक पोरगा आणला, जेमतेम वीस वर्षांचा, उजव्या कोपराला खपली धरलेली, दोन इंचाची. मी फॉर्म भरत होतो, एक सिनियर म्हणाले, "जखमेचं लिहू नको, उगाच कोर्टात प्रश्न निघतील." मी लिहिलं. पोराची आई बाहेर डबा घेऊन उभी होती, तिला आत बोलावलं, वाचून दाखवलं, खाली तिचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? वकील लगेच पोराचा कोपर वर करून, साहेब मारलंय. साहेबांनी फॉर्म पाहिला, अंगठा पाहिला, मग थेट पोरालाच विचारलं कधी लागलं, तो म्हणाला चार दिवसांपूर्वी गाडीवरून पडलो. विषय तिथेच मिटला. ती ओळ नसती तर माझी नोकरी चौकशीत अडकली असती, आणि उलट आमच्यापैकी कुणी खरंच मारलं असतं तर त्याच कागदाने त्या पोराला वाचवलं असतं. दोघांनाही वाचवणारा कागद आहे हा, हे मला तेव्हा कळलं.

२०१४ चा सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार केसमधला निकालही तसाच, सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर उठसूट अटक नको, आधी नोटीस द्या, अटक केलीच तर कारण लिहा, नाही पाळलं तर खात्याची कारवाई आणि कोर्टाचा अवमान दोन्ही. सुरुवातीला आम्ही वैतागलो होतो पण लॉकअपमधली गर्दी कमी झाली आणि "उचला त्याला" म्हणून येणाऱ्या फोनला सांगायला एक सरळ उत्तर मिळालं.

माझी मुलगी आता पीएसआय आहे, त्र्यंबक रोडच्या पोलीस अकॅडमीतूनच बाहेर पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिहीर शाह केसमध्ये सांगितलं की कुठलाही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि अटकेच्या वेळी जमलं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी, नाहीतर अटक बेकायदा. त्यानंतर एका रात्री तिचा फोन, "अप्पा, एमआयडीसीतला पोरगा आहे, हिंदी कसंबसं बोलतो पण वाचता फक्त ओडिया येतं, काय करू?" मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे २४ तास तर चालूच झालेले. शेवटी त्याच्याच कंपनीतल्या एका ओडिया सुपरवायझरला गाठलं, त्याने हाताने कागद लिहून दिला, कोर्टात तीनला न्यायचं होतं, साडेबाराला कागद त्या पोराच्या हातात. ती म्हणाली, तो वाचत असताना पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. ही दमछाक झाली पण याला हात बांधणं कसं म्हणायचं?

हात कुठे बांधले जातात ते सांगतो. २०१५ चा कुंभ. त्याआधी एका आजींची सोन्याची पोत ओढलेली, आरोपी पकडलेले, आत होते, तपास साहेबांकडे आणि मी त्यांचा रायटर. अशा गुन्ह्यात चार्जशीट ६० दिवसांत कोर्टात गेलं नाही तर आरोपीला जामीन मिळणारच, तो त्याचा हक्कच आहे. आणि आम्ही दोघं बंदोबस्तात, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर अशा तीन पर्वण्या, म्हणजे शाही स्नानाचे दिवस, गाडगे महाराज पुलाजवळ पॉइंट, रात्री दीडला सुटायचं, पायातले बूट निघायचे नाहीत इतके पाय सुजलेले, मग ठाण्यात येऊन दोन पानं टाइप. चार्जशीट एक दिवस उशिरा गेलं. माणसं जामिनावर बाहेर. आजी ठाण्यात आल्या, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "दादा, धरलेली माणसं सोडली कशी हो?" मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

आता यावरही सुप्रीम कोर्टाने सांगितलेलंच आहे, २००६ साली, प्रकाश सिंग केसमध्ये. ती याचिका केली कुणी, तर एका रिटायर्ड पोलीस महासंचालकांनी, दहा वर्षं लढले. सात निर्देश मिळाले, त्यात तपासाची माणसं वेगळी आणि बंदोबस्ताची वेगळी करा, अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं एका जागी राहू द्या, लोकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा. आपल्याकडे २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली, प्राधिकरणही आलं, पण तपासाची माणसं वेगळी झालेली मी माझ्या नोकरीत कुठल्याच ठाण्यात पाहिली नाहीत. हवालदाराने पाळायचा निकाल आठवड्यात परिपत्रक होऊन टेबलावर येतो आणि हवालदाराला माणूसबळ देणारा निकाल वीस वर्षं फायलीत पडून राहतो, याचा मला मनापासून राग आहे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. मुलीची ड्युटी रामकुंडाला लागणार हे नक्की. तिच्या डायरीत प्रत्येक केसच्या ६० व्या दिवसाला लाल गोल असतो, मीच शिकवलंय. पर्वणीच्या आठवड्यात त्यातले जे गोल येतील त्यांची चार्जशीटं कोण लिहिणार, त्यासाठी बंदोबस्तातून कुणाला वगळणार, हे वरच्यांनी आत्ताच लेखी ठरवावं, एवढी माझी मागणी आहे.