हॅक्लुटच्या खंडांतून गोव्याच्या पत्रापर्यंत

‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्याच्या निमित्ताने त्याचे कर्ते, इंग्रज जेझुइट (कॅथलिक येशूसंघाचे) पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत होते. त्यात एका गोष्टीचा उल्लेख सारखा यायचा: गोव्याला पोचल्यावर त्यांनी लंडनला वडिलांना लिहिलेलं पत्र, तारीख १० नोव्हेंबर १५७९. हे पत्र छापलं रिचर्ड हॅक्लुट या अँग्लिकन पाद्र्याने. मला खरं तर तेवढं पत्रच हवं होतं. पण ते शोधता शोधता हॅक्लुटच वाचत गेले. या वाटेने कुणाला जायचं असेल, तर उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय.

पहिली अडचण आवृत्त्यांची. हॅक्लुटचा मुख्य ग्रंथ म्हणजे इंग्रजांच्या सागरी आणि खुष्कीच्या सफरींचा संग्रह, ‘प्रिन्सिपल नॅव्हिगेशन्स’. तो १५८९ मध्ये एका जाडजूड खंडात निघाला आणि पुढे खूप वाढवून १५९८, १५९९ आणि १६०० असा तीन खंडांत. बरेच लेखक नुसतं ‘हॅक्लुट, खंड दुसरा’ एवढंच लिहून मोकळे होतात; कोणती आवृत्ती ते आपण शोधायचं. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जी मिळते ती गोल्डस्मिड या संपादकाने एकोणिसाव्या शतकात काढलेली, आणि त्याने मजकुराचा क्रमच बदललाय. ग्लासगोला १९०३ ते १९०५ या काळात निघालेले बारा खंड मात्र मूळ क्रमाने जातात आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. पत्र त्यातल्या सहाव्या खंडात आहे. मी याच खंडांवर भिस्त ठेवली आणि अधूनमधून मूळ पानांची छायाचित्रं लावून बघितली.

ती मूळ पानं डोळ्यांची परीक्षा घेतात. काळं, कोनदार, दाटीवाटीने बसवलेलं अक्षर, ‘एस’ बघावा तर ‘एफ’सारखा, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी. स्पेलिंगला धरबंध नाही. यावर मला लागू पडलेला उपाय एकच, मोठ्याने वाचणं. डोळ्यांना जे अडतं ते कान बरोबर पकडतात. पाच-सहा पानांनंतर जीभ सरावते.

आता हा माणूस कोण? वेस्टमिन्स्टर शाळेत असताना हा मुलगा आपल्या वकील चुलतभावाकडे गेला. भावाने टेबलावरचा जगाचा नकाशा काठीने दाखवला, कुठल्या मुलखात काय पिकतं, कुणाला काय हवं असतं ते सांगितलं, आणि मग बायबल उघडून १०७ वं स्तोत्र पुढे केलं, जहाजांतून समुद्रावर जाणाऱ्यांना देवाची अद्भुत कृत्यं दिसतात ते. १५८९ च्या अर्पणपत्रिकेत हॅक्लुटने स्वतःच हे सांगितलंय. मला ती पानं फार आवडली, कारण पुढचं सगळं आयुष्य त्यातून उलगडतं. ऑक्सफर्ड, धर्मदीक्षा, पॅरिसला इंग्रज राजदूताचा चॅपलेन म्हणजे खासगी पाद्री, मग सफोकमधल्या वेदरिंगसेट गावच्या चर्चचा रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबीत. आणि या सगळ्यात हात सतत दुसऱ्यांच्या कागदांत. फ्लोरिडातल्या फ्रेंच कप्तानांच्या हकिकती त्याने १५८७ मध्ये इंग्रजीत आणल्या, १६०९ मध्ये डी सोटो या स्पॅनिश सरदाराच्या अमेरिकेतल्या मोहिमेचा पोर्तुगीज वृत्तांत. स्वतःला जमणार नव्हतं ते इतरांच्या मागे लागून भाषांतरित करून घेतलं.

आणि आता पत्र. जहाजं ४ एप्रिलला लिस्बनहून निघाली आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागली. हिरड्या सुजून आजारी पडलेली माणसं, जहाजाच्या मागे लागलेले शार्क, त्यांच्या अंगाला चिकटून राहणारे लहान मासे, सगळं फादर स्टीफन्स वडिलांसमोर बसून बोलावं तसं सांगतात. पूर्व-पश्चिम दिशेने जाताना आपण नेमके कुठे आहोत हे कळणं का अवघड, कारण त्यासाठी आभाळात एकही स्थिर बिंदू नाही, हे त्यांनी इतकं सोपं करून लिहिलंय की मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी माड आणि नारळ येतात, आणि वाचताना आपल्याच अंगणात पोचल्यासारखं वाटतं.

या पत्राच्या मथळ्यात हॅक्लुट एवढंच म्हणतो: थॉमस स्टीव्हन्स नावाचा एक इंग्रज माणूस. जेझुइट असल्याचा तिथे उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये १५८५ च्या कायद्याने जेझुइट पाद्री देशात सापडला तर राजद्रोही ठरत होता, आणि त्यानंतर चारच वर्षांनी राणीच्या चर्चचा एक पाद्री हे पत्र मानाने छापतो! माझ्या मते यात धर्माची उदारता शोधू नये. त्याला वारे हवे होते, प्रवाह हवे होते, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा कसा घालतात ते हवं होतं. मुलाने वडिलांना लिहिलेली खुशाली त्याच्या हातात गोव्याच्या वाटेची माहितीपुस्तिका झाली.

लगोलग राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याची प्रवासहकिकत वाचावी. ग्लासगोच्या पाचव्या खंडात आहे. फिच आणि त्याचे सोबती १५८३ मध्ये गोव्यात हेर म्हणून तुरुंगात पडले, तेव्हा सुटकेसाठी धावून आलेल्यांत फादर स्टीफन्स होते. १५८४ मध्ये फिच तिथून निसटला. त्याची वाट बेळगाववरून जाते, आणि तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरतो असं तो सांगतो. पुढे विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर, आग्रा. एक मात्र ध्यानात ठेवावं: फिचने बरीच वर्णनं सेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडून उचलली आहेत, आणि तो फेदेरिचीही याच संग्रहात इंग्रजीत आहे. दोघं शेजारी ठेवून वाचले की फिचचं स्वतःचं काय ते वेगळं काढता येतं.

फिचची हकिकत १५९९ च्या खंडात आली, आणि ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. कंपनीने हॅक्लुटचा सल्लाही घेतला. एवढं कळल्यावर त्या माडांच्या ओळी मला निरागसपणे वाचता येत नाहीत, तरी त्याने त्या जपल्या याबद्दल कृतज्ञता वाटतेच.

सध्या हॅक्लुटने १६०१ मध्ये काढलेला गाल्व्हाँव या पोर्तुगीज लेखकाचा ग्रंथ वाचतेय, जगभरच्या शोधसफरींचा इतिहास. कुणा इंग्रज व्यापाऱ्याने केलेलं ते भाषांतर हॅक्लुटकडे वर्षानुवर्षं पडून होतं. ताडून बघायला मूळ प्रत लिस्बनहून मिळवण्याची त्याने खटपट केली, पण ती हाती लागली नाही. शेवटी आहे त्यावरच मेहनत घेऊन त्याने ते छापलं. समासात त्याने दिलेले आधार मी आता एकेक करून तपासतेय.