सोंडेनोंद ७ : लवंगेच्या बरणीतले १८ जिवंत निघाले

आधी दुरुस्ती. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की लवंगेच्या बरणीत २० पैकी १८ सोंडे (साठवणीच्या गव्हात होणारे किडे) चोवीस तासांत मेले. तो आकडा कृपया खोडा. फोटो नीट यावा म्हणून ते १८ जण मी पांढऱ्या बशीत काढून ठेवले होते. अर्ध्या तासाने मोबाईल घेऊन गेलो तर बशीत ५ उरलेले आणि बाकीचे ओट्यामागच्या टाइलवर निवांत चढताहेत. ते पाचही रात्रीतून पसार झाले.

सोंडा धक्का बसला की पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, हे मला वाचून माहीत होतं. तरीही मी बरणी बशीत उपडी करायचो आणि लगेच मोजायला बसायचो. म्हणजे नोंद ५ मधले कडुनिंबाचे आकडेही त्याच चुकीचे, तेही बाद. माझ्या भरवशावर ज्यांनी लवंगा आणल्या त्यांची मनापासून माफी मागतो. यापुढची पद्धत अशी : बशीत ओतायचं, दिव्याखाली अर्धा तास हात न लावता ठेवायचं, मग मोजायचं. जो तेव्हाही हलत नाही त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

मारण्याचा नाद सोडून आता मी पळवण्याची चाचणी घेतोय, आणि ती मात्र छान जमली आहे. मोठ्या परातीत गव्हाचे दोन ढीग, प्रत्येकी १०० ग्रॅम. एकात वासाचा वाळका पाला, दुसऱ्यात तेवढाच आंब्याचा वाळका पाला, म्हणजे फरक पडला तर तो नुसत्या पाल्याचा नाही, वासाचा. मधोमध ३० सोंडे सोडायचे, वरून मलमल ताणून बांधायची आणि परात रात्रभर अंधाऱ्या कपाटात. निर्गुडीच्या तीन रात्री : ६ विरुद्ध २४, ९ विरुद्ध २१, ५ विरुद्ध २५. पहिल्या सकाळी मलमल सोडली तेव्हा आंब्याच्या ढिगावर सोंड्यांची गर्दी आणि निर्गुडीचा ढीग जवळजवळ मोकळा, ते दृश्य मी बराच वेळ बघत बसलो. वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत दोन वर्षं वाढवलेलं झाड आहे ते! लवंग ८ विरुद्ध २२. तमालपत्र १४ विरुद्ध १६, म्हणजे काहीच नाही. गवती चहाने पहिल्या रात्री निर्गुडीची बरोबरी केली, पण तोच पाला आठव्या दिवशी १५ विरुद्ध १५. त्याचं तेल फार लवकर उडतं. सगळ्यांत पुढे वेखंड : ३ विरुद्ध २७.

आता बरणी ४. या बरणीने माझा अख्खा पावसाळा खाल्ला.

एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चाललं होतं, त्यामुळे गहू घ्यायला १५ जून उजाडला. दिसायला स्वच्छ होता, चाळताना जेमतेम ३ सोंडे निघाले. १८ जूनला किलोभर गहू बरणी ४ मध्ये भरला, आत निर्गुडीचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडी, तोंडाला दुहेरी मलमल. तीन आठवडे एकही नाही. २६व्या दिवशी दोन दिसले. मला वाटलं मलमल कुठेतरी उसवली. ती बदलली, बरणीच्या गळ्याला बाहेरून व्हॅसलीनचं कडं दिलं, बरणी पाण्याच्या ताटात ठेवली, शेजारचे डबे दुसऱ्या खोलीत हलवले. डोंबिवलीत जुलैत ताटातलं पाणी आटतही नाही, तरी रोज भरत होतो. ३४व्या दिवशी ४१ सोंडे.

त्या रात्री एकेक दाणा भिंगाखाली घेतला. काही दाण्यांना गोल भोक, कडा ओबडधोबड, आतून कुरतडून बाहेर आल्यासारख्या. मग मिठाच्या पाण्यात मूठभर दाणे टाकले, पोखरलेले वर तरंगले. सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वर चिकट स्रावाचं बूच बसवते. अळी, कोष सगळं त्या दाण्यातच होतं आणि आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत साधारण महिना-सव्वा महिन्याने पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर पडतो. म्हणजे मलमल शाबूत होती. ते ३ सोंडे चाळणीत येण्याआधीच काम करून गेले होते.

साताऱ्याच्या आत्याला फोन केला. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "अरे, गहू तापवलास का आधी?" नव्हता तापवला. गच्ची मोकळी झाली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तिच्याकडे चैत्र-वैशाखात दोन-तीन कडक उन्हं दिल्याशिवाय कोठीत पाला पडत नाही. मी पाल्याची जात, सावलीत वाळवणं, पुरचुंडीचं कापड यावर सहा नोंदी लिहिल्या, आणि उन्हाचा उल्लेख त्यात एकदाही नाही.

ऊन नाही म्हणून फ्रीजर वापरला. किलोच्या चार पिशव्या, हवा काढून घट्ट बंद, पाच दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड दाण्यांवर दवासारखी जमते आणि गव्हाला बुरशी धरते. ४० दिवस झाले, चारही पिशव्यांतून शून्य! पण दोन पिशव्यांत निर्गुडी होती, दोनमध्ये नव्हती आणि सगळ्याच बंद होत्या, तेव्हा हे श्रेय थंडीचं आहे, पाल्याचं नाही.

थोडं पुरवठ्याबद्दल. काष्ठौषधींच्या दुकानातलं वेखंड दोनदा जुनाट मिळालं. कांडं मोडलं की वास नाकात शिरला पाहिजे. नुसता भुसा पडला तर परत करा. माझं स्वतःचं वेखंड टबात उभ्या पाण्यात वाढतंय, त्यात चार गप्पी मासे सोडलेत, डासांच्या अळ्या दिसत नाहीत. निर्गुडीसाठी नर्सरीत पैसे घालवू नका, पेन्सिलएवढी काडी सहज लागते. पावसाळ्यात मात्र पाला पंख्याखाली चार दिवस, चुरताना कुरकुर वाजेपर्यंत. ओलसर पाला गव्हात गेला तर सोंड्यांआधी बुरशी येईल. पारद गोळ्यांबद्दल पुन्हा विचारणा झाली. पाऱ्याची वस्तू खायच्या धान्यात ठेवायला माझं मन तयार नाही.

आणि त्याच नियमाने वेखंडही बाहेर जायला हवं, हे लिहिता लिहिताच ठरवतोय. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आली. पुरचुंडीत असलं तरी दळायच्या गव्हात नको. ते लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत आणि पेरायच्या बियाण्यात राहील. खायच्या गव्हाला निर्गुडी.

पण बियाण्यावरून आठवलं, याच बीटा-असारोनच्या वाफेने किड्यांची प्रजननक्षमता घटते. मग परातीत रात्रभराचे सोंडे मोजून मी अर्धीच गोष्ट बघतोय. म्हणून आता फ्रीजरमधला गहू घेऊन तीन बरण्या : निर्गुडी, वेखंड, आंबा. प्रत्येकीत २० सोंडे सात दिवस, मग सगळे चाळून बाहेर आणि ४० दिवसांनी आतून किती निघतात ते मोजायचं. वेखंडाची बरणी लाल दोऱ्याने बांधतोय, म्हणजे घरात कोणी चुकून दळायला नेणार नाही.

सोंडे आज संध्याकाळी सोडले. मोजणी ऑक्टोबरअखेर, तोवर गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन आलं असेल, तेव्हा कोठीतला उरलेला गहू काळ्या प्लॅस्टिकवर पसरणार आहे.