आखडलेला खांदा आणि खापरावरचे मांडे

मांडा, म्हणजे आमची खानदेशातली मोठी पातळ पुरणपोळी, हातावर घेतला की कोपरं अंगालगत राहतात आणि दोन्ही हात बाहेरच्या अंगाला उघडत जातात. तेवढ्यानेच तो पसरत पसरत पातळ होतो आणि मग पालथ्या खापरावर पडतो. अमळनेरला माहेरी शिकले तेव्हापासून हे हात आपसूक चालतात. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर मात्र माझा उजवा हात उघडेनाच. मांडा डावीकडे फाटायचा, उजवीकडे जाड राहायचा.

दुखणं त्याआधीच सुरू झालं होतं. रात्री उजव्या कुशीवर झोपवत नव्हतं, अंबाडा घालता येत नव्हता, पदर पाठीमागून ओढून घेताना डोळ्यांत पाणी यायचं. “काय व्हयनं व माय?” म्हणत शेजारच्या जिजी आल्या. शीर चढली असेल, मालिशवाल्याकडून हात ओढून घे, असं त्यांचं म्हणणं. मुलाने ऐकलं नाही, धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

एक्सरे अगदी स्वच्छ आला. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. माझं कोपर अंगाला चिकटवून धरलं आणि मनगट धरून हात स्वतः बाहेर वळवायला लागले. त्यांच्याही हाताने तो वळेना. त्यांनी सांगितलं, “स्नायूचा दोर तुटला असता तर तुम्हाला हात हलवता आला नसता, पण मला हलवता आला असता. इथे सांधाच अडलाय. हा फ्रोझन शोल्डर.” या एका तपासणीने माझी भीती निम्मी झाली.

मग त्यांनी खांद्याची रचना समजावली. खांदा उखळीचा सांधा म्हणवतो, पण त्याची उखळ फार उथळ असते. बशीत लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं त्या खोबणीत टेकलेलं असतं. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. ते डोकं जागेवर धरून ठेवतात रोटेटर कफचे चार स्नायू आणि सांध्याभोवतीचं पातळ, लवचिक आवरण. माझं हे आवरणच सुजून जाड झालं होतं, आक्रसलं होतं. एक्सरेत हाडं दिसतात, हे आवरण दिसत नाही. आणि ते आक्रसलं की सगळ्यात आधी जाते ती हात बाहेर वळवण्याची हालचाल. म्हणजे नेमकी माझ्या मांड्यांची!

मला शुगर आहे. एरवी शंभरात २ ते ५ जणांना होणारा हा त्रास शुगरवाल्यांमध्ये कितीतरी जास्त दिसतो. चाळिशी ते साठीतल्या बायकांमध्येही जास्त. आपल्याकडे बायका हे दुखणं “वयाचं आहे” म्हणून अंगावर काढतात, ते मला फार लागतं. आधी दुखणं वाढतं, मग दुखणं कमी होऊन जखडलेपणा उरतो, मग हळूहळू खांदा सुटतो. हे सगळं व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने काही दिवस शुगर वाढते हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घरी रोज तपासत होते. रात्रीची झोप परत आली आणि तेव्हा कुठे व्यायाम करता यायला लागला.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी मला आरशासमोर उभं केलं. हात वर करताना खांदा कानाकडे चढत होता. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण दोन वाटे हालचाल खांद्याच्या सांध्यातून आणि एक वाटा पाठीवरच्या फऱ्यातून येते. माझा सांधा अडल्यामुळे सगळं ओझं फऱ्यावर आलं होतं, म्हणून मानही दुखत होती. हे कळल्यावर व्यायाम नेमका कशासाठी करायचा ते कळलं. आधी गरम शेक. मग टेबलावर डावा हात टेकून, वाकून, उजवा हात सैल सोडून झुलवायचा. अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकी सर्जनचं नाव या व्यायामाला आहे, आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलं. मग भिंतीवर बोटांनी चढायचं. मग उताणं झोपून, दोन्ही हातांत काठी धरून, डाव्या हाताने उजवा बाहेर ढकलायचा. हा सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात हवा असलेला. ताण जाणवला पाहिजे, पण व्यायामानंतर ठणका तासन्‌तास राहिला तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करायचा, हा ताईंचा नियम. झटक्याने हात ओढला तर सूज आणखी भडकते, म्हणून मालिशवाल्याचा विषय तिथेच संपला.

न वापरल्याने दंडाचे स्नायूही रोडावले होते. सांधा सुटायला लागल्यावर रबरी पट्टा ओढून त्यांना ताकद दिली.

पुढच्या आखाजीला मांडे केले, थोडे लहान. पाठीमागे हात अजून पूर्ण पोचत नाही, त्यासाठी पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा व्यायाम चालू आहे. एक खांदा आखडलेल्यांना पुढे दुसऱ्याही खांद्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून काठी डाव्या हातासाठीही फिरवते आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगरची तपासणी चुकवत नाही. जिजींनाही शुगर आहे. परवा त्यांचं कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवून पाहिला, छान वळला.