कुशान, कार्त आणि गेलेलं घर

पॅलेस्टिनी निर्वासितांवरच्या लेखात मागे सोडलेल्या घराच्या जुन्या लोखंडी किल्लीचा फोटो हमखास असतो. त्या किल्लीमागचं दुःख खरंच आहे, पण हक्काचा विषय निघाला की विचारला जातो तो कागद. इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात, 1947 ते 1949 या काळात, सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं घराबाहेर पडली. त्यांचं पुढे काय झालं ते मला त्यांच्या कागदांतून सगळ्यात स्पष्ट दिसतं. हे कागद मुख्यतः दोन. जमिनीचा कुशान आणि रेशनचं कार्त. बाहेरचे लोक या दोन्हींची फार गल्लत करतात.

कुशान म्हणजे जमिनीचं मालकीपत्र, उस्मानी (तुर्की) अमलापासून चालत आलेलं. त्याची नोंद ज्या दप्तरात होते ते ताबू. 1858 च्या उस्मानी जमीन कायद्याने नोंदणी सुरू झाली, पण नाव लागलं की सारा वाढेल, पोराला सैन्यात ओढतील, ही धास्ती होती. म्हणून बऱ्याच जणांनी जमीन गावातल्या वजनदार माणसाच्या नावावर टाकली, नाहीतर नोंदवलीच नाही. शिवाय मुशाअ होती, म्हणजे गावाची सामाईक जमीन. तिच्यात कुटुंबाचा हिस्सा ठरलेला, पण कसायची पट्टी आलटून पालटून मिळायची. अशा जमिनीचा नकाशावर बोट ठेवून ‘हा माझा तुकडा’ असा पुरावा देणार कुठून?

उस्मानींनंतर राज्य आलेल्या ब्रिटिशांनी 1928 पासून गटवार मोजणी करून हक्क निश्चित करायला घेतले. गटाला हौद म्हणत, त्यातल्या तुकड्याला कित्आ. मोजमाप दुनममध्ये. एक दुनम म्हणजे 1000 चौरस मीटर. पण 1948 पर्यंत हे काम देशाच्या जेमतेम पाचव्या भागात पुरं झालं होतं, तेही मुख्यतः किनारपट्टी आणि खोऱ्यांत. डोंगराळ गावं आणि दक्षिणेत बिरसबाकडचा बदाऊनी, म्हणजे भटक्या अरब टोळ्यांचा, मुलूख जवळजवळ तसाच राहिला. तिथल्या कुटुंबाकडे फार तर सारा भरल्याची पावती. पावतीवरून पैसे कोणी भरले ते कळतं. मालक कोण, ते कळेलच असं नाही, कारण खातं कित्येकदा वारलेल्या आजोबांच्याच नावावर चालू असे.

दुसरा कागद कार्त, निर्वासित म्हणून नोंद झालेल्यांना मिळणारं. ही नोंद ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची उनर्वा ही मदतसंस्था 8 डिसेंबर 1949 च्या ठरावाने स्थापन झाली आणि 1 मे 1950 ला कामाला लागली. तिची निर्वासिताची व्याख्या नीट वाचायला हवी: 1 जून 1946 ते 15 मे 1948 या काळात नेहमीचं राहणं पॅलेस्टाइनमध्ये, आणि 1948 च्या युद्धामुळे घर आणि उपजीविका दोन्ही गेलेली. सगळी अडचण त्या ‘दोन्ही’त आहे. वेस्ट बँकमधल्या कल्किल्या या गावच्या शेतकऱ्यांची घरं युद्धबंदी रेषेच्या अलीकडे राहिली, पण बागा आणि शेतं पलीकडे, इस्रायलमध्ये गेली. पोट गेलं तरी छप्पर शाबूत, म्हणून ते व्याख्येत बसले नाहीत. 1967 च्या युद्धात पहिल्यांदाच विस्थापित झालेले नाझिहून. 1948 चे ते लाजिऊन. नाझिहूनांना मदत मिळाली, पण उनर्वाच्या निर्वासितांच्या नोंदवहीत नाव लागलं नाही. नोंद पुढे चालते ती बापाकडून. निर्वासित बाईने बाहेर लग्न केलं तर तिच्या मुलांना सेवा मिळतात, निर्वासित म्हणून नोंद मिळत नाही. मला हा भाग सरळसरळ अन्यायाचा वाटतो.

कार्तावर मूळ गावाची नोंद असते, घराची नसते. म्हणजे गाझातल्या जबालिया छावणीतल्या कुटुंबाच्या कागदावर गाव सापडेल, पण किती दुनम, कुठल्या हौदात, ते त्यावरून कळत नाही.

आता समोरच्या बाजूचा कागद. 14 मार्च 1950 ला इस्रायलच्या संसदेने अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा केला. 29 नोव्हेंबर 1947 नंतर लेबनॉन, इजिप्त, सीरिया, सौदी अरेबिया, ट्रान्सजॉर्डन, इराक, येमेन किंवा पॅलेस्टाइनच्या इस्रायलबाहेरच्या भागात जो होता, तो अनुपस्थित. किती दिवस होता, कशासाठी गेला, याला महत्त्व नाही. त्याची मालमत्ता आपोआप कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मालमत्तेच्या सरकारी ताबेदाराकडे जाते. कस्टोडियनने लेखी दाखला दिला की उलट सिद्ध होईपर्यंत माणूस अनुपस्थित, आणि सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर. कलम 30 मधलं एक वाक्य तर मला दर वेळी थांबवतं: घर सोडण्याची कारणं आपल्या हातात नव्हती, एवढ्याच आधारावर केलेला बचाव ऐकला जाणार नाही. म्हणजे बंदुकीच्या धाकाने निघालात, तरी अनुपस्थितच.

सफ्फुरिया गावाचे लोक तर चार-पाच मैलांवरच्या नासरेथला थांबले आणि इस्रायलचे नागरिकही झाले. तरी त्यांची जमीन गेली. अशांसाठी ‘हजर अनुपस्थित’ हा शब्द रूढ झाला. पुढे कस्टोडियनने मालमत्ता इस्रायलच्या विकास प्राधिकरणाला विकली, आणि परतीची वाट आणखी अरुंद झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या सलोखा आयोगाने मात्र एक मोठं काम केलं. ब्रिटिश दप्तरांच्या सूक्ष्मचित्रफिती आणि साऱ्याच्या याद्या ताडून 1964 पर्यंत सुमारे 4 लाख 53 हजार मालकीनोंदी तयार केल्या. गाव, गट, क्षेत्रफळ, मालकाचं नाव, हिस्सा. ज्यांचा कुशान पळापळीत हरवला त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. पण मूळ दप्तरात नाव आजोबांचं असेल तर इथेही आजोबांचंच येतं, आणि जिथे मोजणीच झाली नाही तिथे आयोगही फार काही करू शकला नाही.

दोन्ही कागदांचा सौदा कसा अंगावर येतो ते पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्राहमध्ये दिसतं. 1956 साली, तो भाग जॉर्डनच्या ताब्यात असताना, जॉर्डन सरकार आणि उनर्वाने तिथे 28 निर्वासित कुटुंबांना घरं दिली. अट अशी की रेशनचं कार्त परत करायचं, नाममात्र भाडं भरायचं, आणि तीन वर्षांनी घर नावावर. कार्तं परत गेली. तीन वर्षं उलटली, नाव चढलं नाही, आणि 1967 ला शहराचा तोही भाग इस्रायलच्या ताब्यात गेला. इस्रायलच्या 1970 च्या कायद्याने 1948 पूर्वीच्या ज्यू मालकांना पूर्व जेरुसलेममधली मालमत्ता परत मागता येते, आणि या घरांखालची जमीन तशीच असल्याचं सांगून या कुटुंबांवर घर खाली करण्याचे दावे लागले. याच कुटुंबांपैकी काही मूळची आता इस्रायलमध्ये असलेल्या याफा आणि हैफाची. तिथली आपली घरं मागायला त्यांना असा कोणताही कायदा नाही.