पायाखाली दप्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेतला सातवीचा वर्ग. नवे बाक करण्याआधी मुलांची मापं घ्यायची होती. गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं माप सगळ्यात महत्त्वाचं. बसायची फळी त्याच्याइतकी किंवा किंचित कमी उंच असली, तरच तळवे जमिनीवर टेकतात. इथे फळी ४४ सेंमीवर होती आणि पहिल्या बाकावरच्या मुलीचं माप भरलं ३२.

"पाय कुठे ठेवतेस गं?"

"दप्तरावर," ती हळूच म्हणाली, कारण दप्तर खाली टाकल्याबद्दल बाईंचा ओरडा ठरलेला.

पाय लोंबकळले की फळीची कड मांडीखाली रुतते, मुंग्या येतात. मग मूल पुढे सरकतं, एक पाय दुमडून बसतं, चुळबुळतं. बाक आणि डेस्क एकाच सांगाड्याला जोडलेले, मधे उभं राहण्यापुरती फट. त्यामुळे लिहायला पुढे वाकावंच लागतं आणि पाठ टेकायची राहूनच जाते. अशा मुलाला आपण दिवसभर 'नीट बस' म्हणत राहतो, याचा मला राग येतो. शेवटच्या बाकावरच्या उंच मुलाचे गुडघे तर डेस्कखालच्या कप्प्याला घासत होते.

'ईएन १७२९' या युरोपीय मानकात मापं उंचीवरून ठरतात आणि प्रत्येकाला रंग असतो: ११९ ते १४२ सेंमी उंचीला पिवळा, बैठक ३५ सेंमीवर, पुढे लाल ३८, हिरवा ४३. या एका वर्गात तिन्ही रंगांची मुलं होती. शिवाय तिकडे मुलं बूट घालून बसतात, आमच्या मुलांच्या चपला दाराबाहेर. म्हणून सर्वांत लहान नमुना आम्ही ३२ वर आणला होता, डेस्क सुटं ठेवलं होतं.

"एका वर्गात तीन उंच्या? रांगा वेड्यावाकड्या दिसतील," मुख्याध्यापक म्हणाले. मी वाद घातला नाही. टेम्पोतून नमुने उतरवले आणि त्या मुलीला बसवून शुद्धलेखन लिहायला दिलं. पाठ टेकलेली, तळवे फरशीवर, कोपर डेस्कच्या पातळीत. सर बराच वेळ तिच्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "मागच्या पोरालाही बसवून बघू."

मागणीपत्रात 'इयत्ता' असा रकाना होता. तो आम्ही दोघांनी मिळून खोडला, तिथे 'उंची' लिहिलं. मुलं वाढतात, म्हणून दर जूनमध्ये पुन्हा मोजायचं ठरलं. बाईंनी त्याच दुपारी दाराच्या चौकटीवर खडूनं खुणा करायला घेतल्या.