निळ्या फिल्टरमधला कोयता

एप्रिलची अमावास्या, सह्याद्रीतल्या एका डोंगरावरची दुर्बीण आणि माझ्या वाट्याला आलेली एकच रात्र. काम एम ५१चं. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची असतो, तिथून साडेतीनेक अंश सरकलं की ही सर्पिल दीर्घिका सापडते. तिला खेटून तिची धाकटी, एनजीसी ५१९५. दोघी सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवर. जवळून गेलेल्या शेजारणीच्या ओढीनं दीर्घिकेला असे बाहू आणि शेपट्या फुटू शकतात, हे खगोलशास्त्रज्ञ टूमरे बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं होतं. मला त्या ओढाताणीच्या खुणा रंगांमध्ये मोजायच्या होत्या.

दुर्बिणीचा कॅमेरा रंगीत नसतो, हे घरी अजून कुणाला पटत नाही. तो कृष्णधवलच. पुढे एक चक्र, त्यात फिल्टरच्या काचा: बी निळी, व्ही हिरवट-पिवळी, आर लाल आणि आय डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची. एकेक काच लावून फोटो घ्यायचा. गंमत अशी की दर वेळी वेगळीच दीर्घिका समोर येते. निळ्या बीमध्ये बाहू मण्यांच्या माळेसारखे उठून दिसतात, कारण तिथे नुकतेच जन्मलेले तापलेले तारे असतात. धाकटी मात्र त्यांच्यापुढे फिकी, वर थोरलीच्या बाहूतली धूळ तिच्यावरून काळ्या ओरखड्यासारखी गेलेली. आय लावला की म्हाताऱ्या ताऱ्यांची ती धाकटी दिव्यासारखी पेटते, ओरखडा पुसट होतो आणि बाहूंचा तोरा उतरतो.

रात्री एकच्या सुमारास बीची दहा मिनिटांची पहिली फ्रेम साफ करून पाहिली, तर धाकटीच्या पूर्वेला एक फिकट, उजळ कमान. आतल्या अंगाला बारीक काळी रेघ. आरमधला फोटो घेऊन पाहिला, त्यात काहीच नाही. फक्त निळ्यात! म्हणजे ओढाताणीत बाहेर फेकलेल्या वायूतून जन्मलेले ताजे तारे, आणि काळी रेघ म्हणजे धूळ. दुर्बीण चालवणारे काका मागून डोकावले, ‘कोयत्यागत दिसतंय की, मॅडम.’ मी फाइलला तेच नाव दिलं आणि सरांना फोन लावला.

‘आरमध्ये आहे?’

‘नाही सर, म्हणून तर...’

‘दुर्बीण जराशी सरकव, परत घे. मग उठव मला.’

सरकवली. पुढची दहा मिनिटं काही सरता सरेनात. नव्या फ्रेममध्ये दोन्ही दीर्घिका तीसेक पिक्सेल डावीकडे गेल्या होत्या. कोयता होता तिथेच होता. आकाशातली वस्तू अशी हटून बसत नाही.

काकांनी मुकाट्यानं नोंदवही पुढे केली. त्यांच्याच अक्षरात: ‘९.४०. फिल्टरचं चक्र अडकलं. रीसेट.’ खाली माझी सही. ‘फ्लॅट’ मी संध्याकाळीच घेऊन ठेवले होते. फ्लॅट म्हणजे संधिप्रकाशातल्या एकसारख्या उजळ आकाशाचे फोटो. काचेवरच्या धुळीची सावली त्यात उमटते, आणि दीर्घिकेच्या फोटोला त्यानं भागलं की ती सावली निघून जाते. पण रीसेटनंतर बीची काच केसभर सरकून थांबली होती. धूळ एकीकडे, तिची जुनी सावली दुसरीकडे; भागाकारात एक कड उजळ राहिली, एक काळी. त्या काळ्या कडेला मी अंतराळातली धूळ म्हणाले होते. धूळ होती खरी, पण आमच्याच काचेवरची.

पहाटे पुन्हा फ्लॅट. संध्याकाळी सुरुवात बीपासून करतात, पहाटे उलट, बी शेवटी, कारण या कॅमेऱ्याला निळा प्रकाश जास्त लागतो. तांबडं फुटायला लागलं तसे एकेक फिल्टर उरकले आणि बी लागला तेव्हा पूर्वेला चांगलंच उजाडलं होतं. पाचव्या फ्लॅटला काकांनी चहा आणून ठेवला, तो गारच झाला.

नव्या फ्लॅटनं भागलं. कोयता गेला. धाकटीवरचा ओरखडा मात्र राहिला; बीमध्ये गडद, व्हीमध्ये जरा कमी, आयमध्ये शोधून काढावा लागेल असा. पुढचे आठ महिने मी तोच मोजत बसले. सरांना फोन करायचा राहिला; आठ वाजता त्यांचाच आला, ‘काय गं, सरकला का?’